सोलापुरातून पाण्याखालची फोटोग्राफी सुरू करायचीय? हाऊसिंग आणि लाइट घ्यायच्या आधी हे वाचा

मालवणला किंवा मुरुडेश्वरला डायव्हिंग करून आलेल्या सोलापूरकरांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. एक म्हणजे फोटो सगळे हिरवट-निळे आणि धुरकट का आले, आणि दुसरा, आता कुठला कॅमेरा घेऊ. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की दुसरा प्रश्नच बदलतो, कारण पाण्याखाली खर्चाचा क्रम जमिनीवरच्यापेक्षा वेगळा लागतो. आधी तुम्ही कुठं आणि किती खोल जाणार ते ठरवायचं, मग हाऊसिंग (कॅमेरा ज्यात बंद करतात ती पाणी न शिरणारी पेटी), मग लाइट, आणि या सगळ्यात जो बसेल तो कॅमेरा. दुकानात जाऊन आधी भारी कॅमेरा घेतला आणि नंतर त्याचं हाऊसिंग बघायला गेलं की कळतं, हाऊसिंगची किंमत कॅमेऱ्याएवढी किंवा त्याहून जास्त आहे, किंवा त्या मॉडेलला हाऊसिंग बनतच नाही.

आधी पाणी काय करतं ते समजून घ्या

पाणी प्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी खातं. साधारण पाच मीटरच्या आसपास लाल जवळजवळ गेलेला असतो, दहापर्यंत नारिंगी, वीसच्या आसपास पिवळा, मग उरतो तो हिरवा-निळा. आता यात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे हे फक्त खोलीचं नाही, आडवं अंतर पण त्यात धरायचं. तुम्ही तीन मीटर खोल आहात आणि मासा तुमच्यापासून तीन मीटर लांब आहे, तर उजेड वरून तीन मीटर आला आणि माशावरून तुमच्यापर्यंत आणखी तीन मीटर आला, म्हणजे सहा मीटर पाण्यातून गाळून आला. तुमच्या लाइटचंही तसंच, तो जातानाही पाण्यातून जातो आणि परत येतानाही. म्हणून कितीही भारी लाइट घ्या, एक-दीड मीटरच्या पुढे तो रंग आणू शकत नाही.

दुसरं, पाण्यात कण असतात, समुद्र कितीही स्वच्छ दिसला तरी असतातच. लाइट त्या कणांवर पडून थेट लेन्सकडे परत आला की फोटोत पांढरे ठिपके पडतात, याला बॅकस्कॅटर म्हणतात.

या दोन्हीवर इलाज एकच, तुमच्यात आणि माशात पाणी कमीत कमी ठेवा. म्हणजे जवळ जा. झूम करून जवळ आणलेला मासा जवळ येत नाही, मधलं पाणी तेवढंच राहतं. खाली जे काही सांगतोय, कुठलं पोर्ट (हाऊसिंगचा लेन्ससमोरचा भाग), कुठली लेन्स, लाइट कुठं लावायचा, ते सगळं या एका गोष्टीवरून ठरतं, म्हणून हे डोक्यात पक्कं बसू द्या.

किती खोल जाणार?

समुद्रात दर दहा मीटरला एक वातावरण एवढा दाब वाढतो. वर एक असतो, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन, तीसवर चार. आता हाऊसिंगवर ४०, ६०, १०० मीटर असे आकडे लिहिलेले असतात आणि लोक मोठा आकडा बघून पैसे मोजतात. पण बघा, ट्रेनिंग नसताना गाइडबरोबर जो ट्राय डाइव्ह करतात त्याची मर्यादा १२ मीटर, पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा ओपन वॉटर कोर्स केला की १८, अ‍ॅडव्हान्स्ड केला की ३०. म्हणजे ४० मीटरचं हाऊसिंग नवीन माणसाला कितीतरी वर्षं पुरतं. ते वाचलेले पैसे लाइटला ठेवा.

फोनबद्दल स्पष्ट सांगतो. फोनवर आयपी ६८ लिहिलंय म्हणजे तो समुद्रात चालतो असं नाही. ते रेटिंग गोड्या, स्थिर पाण्यासाठी असतं, कितीतरी फोनना दीड मीटर आणि ३० मिनिटं एवढंच. मिठाचं पाणी, लाटा, उडी मारताना बसणारा धक्का, यातलं काहीच त्यात धरलेलं नसतं. प्लास्टिकची ती गळ्यात अडकवायची पिशवी मिळते ती होडीत शिंतोड्यांपासून वाचवायला ठीक, पोहताना वरच्या वर ठीक, पण तिच्यात फोन घालून खाली जाऊ नका. शिवाय पाण्यात टचस्क्रीन धड चालतच नाही. फोनच वापरायचा असेल तर बटणं असलेलं कडक हाऊसिंग मिळतं, सीलाइफचं स्पोर्टडायव्हर ४० मीटरपर्यंत चालतं, तसलं बघा.

अ‍ॅक्शन कॅमेरे सोपे. गोप्रोचे हिरो ९ ते हिरो १२ हाऊसिंगशिवाय १० मीटरपर्यंत चालतात आणि कंपनीच्याच हाऊसिंगमध्ये ६० मीटर. डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन ४ नुसता १८ मीटर जातो. व्हिडिओला हे मस्त आहेत. पण यांना फ्लॅश नसतो आणि बोटाएवढ्या जीवावर यांचा फोकस होत नाही, साधारण एक फुटाच्या आत गेलं की चित्र पुसट. त्याला वरून मॅक्रो लेन्स, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून टिपणारी लेन्स, लावावी लागते.

माझं मत विचाराल तर ज्याला फोटोच काढायचेत त्यानं पहिला सेट म्हणून ऑलिंपसचा टीजी-६ किंवा ओएम सिस्टिमचा टीजी-७ बघावा. कॅमेरा स्वतःच १५ मीटरपर्यंत वॉटरप्रूफ, त्याच्यावर पीटी-०५९ हाऊसिंग घातलं की ४५ मीटर, आणि हाऊसिंग दोन्ही मॉडेलला एकच बसतं. यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दुहेरी संरक्षण, हाऊसिंगमध्ये थोडं पाणी शिरलं तरी आतला कॅमेरा स्वतः पाणी झेलतो. आणि त्याच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये तो अगदी एक सेंटिमीटरवरून फोकस करतो, म्हणजे मधलं पाणी जवळजवळ शून्य. मालवणसारख्या ठिकाणी जिथं पाणी बऱ्याचदा गढूळ असतं तिथं लहान जीवांचे जवळून काढलेले फोटोच चांगले येतात, लांबचे येत नाहीत, त्यामुळं हा सेट आपल्या किनाऱ्याला बरोबर बसतो.

हाऊसिंग निवडताना

मोठा कॅमेरा आधीच घरात असेल आणि त्याचं हाऊसिंग घ्यायचं असेल तर दोन प्रकार. एक पॉलिकार्बोनेटचं, आयकेलाइट वगैरे बनवतात, आणि दुसरं अ‍ॅल्युमिनियमचं, नॉटिकॅम, इसोटा अशा कंपन्यांचं. पॉलिकार्बोनेट स्वस्त, आकारानं मोठं, पण आरपार दिसतं, ओ-रिंग (झाकणाच्या फटीतून पाणी अडवणारी गोल रबरी कडी) नीट बसलीय का आणि आत थेंब दिसतोय का ते बाहेरूनच कळतं, नवीन माणसाला हा फार मोठा फायदा आहे. अ‍ॅल्युमिनियम मजबूत, आटोपशीर, बटणं बोटाखाली बरोबर येतात, आणि धातू पटकन गार होत असल्यामुळं काचेवर वाफ धरण्याचा त्रास कमी. किंमत मात्र लई.

हाऊसिंग हे मॉडेलपुरतंच असतं हे विसरू नका. कॅमेरा बदलला की हाऊसिंग गेलं. म्हणून सेकंडहँड घ्यायचं तर कॅमेरा आणि हाऊसिंग जोडीनंच घ्या, आणि घेताना एकेक बटण दाबून बघा, दाबल्यावर झटकन वर येतं की रेंगाळतं. रेंगाळलं म्हणजे आत मीठ साचलंय. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरी पूड दिसली तर तिथंच नमस्कार करून परत या. ओ-रिंग बसते त्या खाचेवरून नख फिरवा, खड्डा किंवा चर लागता कामा नये. पोर्टवरचे बारीक ओरखडे मात्र अ‍ॅक्रिलिकचे असतील आणि बाहेरच्या बाजूला असतील तर तेवढं घाबरायचं कारण नाही, पाण्यात ते भरून निघतात आणि फोटोत फारसे दिसत नाहीत, शिवाय पॉलिश करून काढताही येतात. काचेच्या पोर्टला ही सोय नाही.

आता पोर्ट, म्हणजे लेन्ससमोरचा भाग. सपाट आणि गोलाकार म्हणजे डोम, असे दोन. सपाट पोर्टमधून पाण्यातली वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी दिसते, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. मॅक्रोला हे फायद्याचंच. पण वाइड म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सला सपाट पोर्ट लावलं तर लेन्सचा कोन कमी होतो, सगळं दृश्य मावावं म्हणून तुम्हाला मागं सरकावं लागतं, म्हणजे मधलं पाणी वाढलं. डोम पोर्ट तो कोन परत देतो. म्हणून मोठी दृश्यं, डायव्हरचे फोटो, प्रवाळाची आख्खी भिंत असं काही काढायचं तर डोम, आणि शिंपले, खेकडे, सी स्लग असलं काढायचं तर सपाट. डोममध्ये कोपरे जरा मऊ येतात, तिथं अपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफचा आकडा मोठा तेवढं ते लहान) एफ ८ किंवा पुढं ठेवायचं.

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याला एक वेगळी सोय आहे, वेट लेन्स. ही पाण्यातच पोर्टवर लावता-काढता येते, बहुतेकींचा आटा ६७ मिलिमीटरचा असतो. एकाच डाइव्हमध्ये मोठ्या दृश्याला वाइड लावा, लहान जीवाला मॅक्रो लावा. पण पाण्यात लावताना लेन्स आणि पोर्टच्या मध्ये हवेचा बुडबुडा अडकतो, तो झटकून काढल्याशिवाय शटर दाबू नका.

ओ-रिंग, सगळा खेळ हिच्यावर

या भागावर वेळ घालवतोय कारण हाऊसिंगमध्ये पाणी शिरतं ते बहुतेक वेळा एखाद्या केसामुळं, वाळूच्या कणामुळं नाहीतर सुताच्या धाग्यामुळं. आणि आपण सोलापूरचे, घरात चादरी, टर्किश टॉवेल, नॅपकिन भरपूर, हाताला लागेल त्यानं पुसायची सवय. टर्किश टॉवेलाचं सूत सुटतं, तो हाऊसिंगच्या आतल्या बाजूला कधीही लावू नका. डाइव्ह झाल्यावर बंद हाऊसिंगवर ओला टॉवेल टाकून उन्हापासून वाचवणं चांगलं, पण उघडायच्या वेळेला तो टॉवेल बाजूला, हात मायक्रोफायबरनं कोरडे, आणि केसातलं पाणी टपकू नये म्हणून डोक्याला काहीतरी बांधलेलं.

पंखा बंद करा. टेबल ओल्या कापडानं पुसून कोरडं करा, त्यावर फर नसलेलं कापड किंवा साधा कोरा कागद. ओ-रिंग काढायची ती जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्यानं किंवा कंपनीनं दिलेल्या प्लास्टिकच्या पट्टीनं, सुई-टाचणी अजिबात नाही. दोन बोटांत धरून सावकाश पूर्ण फेरी ओढत न्यायची, न ताणता, कण असेल तर बोटाला लागतो, डोळ्याला दिसायच्या आधी लागतो. मग ग्रीस. तेलाचा हात केसावरून फिरवावा तेवढंच, ओ-रिंग नुसती चमकली पाहिजे, ग्रीस दिसता कामा नये, कारण पाणी ग्रीस अडवत नाही, रिंगच अडवते, ग्रीस फक्त तिला जागेवर सरकायला मदत करतं आणि जास्तीचं ग्रीस धूळ धरतं. खाच कापसाच्या काडीनं नको, त्याचाही कापूस सुटतो, फोमची काडी मिळते ती वापरा. रिंग बसवली की टॉर्च तिरका धरून आख्खी फेरी बघा, मगच झाकण लावा, आणि लॅच बंद केल्यावर कडेनं परत एकदा फेरी बघा, कॅमेऱ्याची दोरी किंवा सिलिका जेलच्या पुडीचा कोपरा अडकलेला नाही ना.

ग्रीस कंपनीनं सांगितलेलंच. सगळ्या रिंगा एका मटेरियलच्या नसतात, सिलिकॉनच्या रिंगला भलतं सिलिकॉन ग्रीस लावलं तर ती फुगते. व्हॅसलीन, खोबरेल, मशीनचं तेल, यातलं काही नको. तसंच बोअरच्या मोटारीच्या दुकानात मापाला अगदी बरोबर बसणारी ओ-रिंग मिळेल, दुकानदार म्हणेल "बसतीय की ओ, घेऊन जावा," पण रिंगचा कडकपणा आणि जाडी यातला थोडासा फरकसुद्धा पुरेसा असतो. मूळ कंपनीची एक जादा रिंग नेहमी जवळ ठेवा.

पैसे असतील तर व्हॅक्यूम लीक डिटेक्टर लावून घ्या. छोट्या पंपानं हाऊसिंगमधली हवा ओढायची, आत हवा शिरत असेल तर लाल दिवा लागतो, म्हणजे गळती पाण्यात उतरायच्या आधीच कळते. मोठ्या कॅमेऱ्याच्या हाऊसिंगला तर मी हे गरजेचंच समजतो.

सोलापुरातच करायच्या टेस्ट

नवीन किंवा खूप दिवस ठेवलेलं हाऊसिंग पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय बुडवायचं. आत टिश्यू पेपर ठेवा, बंद करा, रिकामं हाऊसिंग तरंगतं म्हणून आत एखादं स्वच्छ वजन ठेवा किंवा बाहेरून बांधा, आणि पिंपात अर्धा तास पूर्ण बुडवून ठेवा, मधेमधे प्रत्येक बटण दाबा. लोक म्हणतात पिंपात काय कळणार, दाब कुठंय. उलट खोल गेल्यावर पाण्याचा दाब रिंगला घट्ट दाबून बसवतो, उथळ पाण्यात तो आधार नसतो, त्यामुळं बऱ्याच गळत्या पृष्ठभागाजवळच सुरू होतात. टिश्यू कोरडा निघाला की मग जलतरण तलावात, आणि मग कॅमेऱ्यासकट. तलावात कॅमेरा न्यायच्या आधी व्यवस्थापकाची परवानगी घ्या आणि बायका-पोरं पोहायच्या वेळेत नेऊच नका.

पाऊसकाळ चांगला झाला असेल तर हिवाळ्यात शेतातल्या विहिरींचं पाणी निवळतं, वरून ऊन उभं पडतं तेव्हा आत उजेडाचे पट्टे दिसतात, सरावाला सुंदर जागा. पण मोटारीचा मेन स्विच बंद करून मगच उतरायचं, नुसता स्टार्टर नाही, आणि वर पोहता येणारी दोन माणसं उभी पाहिजेत. श्वास रोखून एकट्यानं खाली जायचं नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पाण्यात भोवळ येते आणि ती येतेय हे कळत नाही. उजनीच्या पाण्यात सरावाला जाऊ नका, गढूळ तर आहेच पण पाण्यात मासेमारीची जाळी असतात, त्यात अडकणं जिवावरचं आहे.

लाइट

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून सावकाश. दोन प्रकार, सतत चालू राहणारा व्हिडिओ लाइट आणि क्षणभर चमकणारा स्ट्रोब म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश.

अ‍ॅक्शन कॅमेरा असेल तर प्रश्नच नाही, त्याला फ्लॅश सोडायची सोय नसते, व्हिडिओ लाइटच. टीजीसारख्या कॅमेऱ्याला दोन्ही चालतात. नवीन माणसानं आधी व्हिडिओ लाइट घ्यावा असं मला वाटतं, कारण उजेड कुठं पडतोय, सावली कुठं जातेय हे शटर दाबायच्या आधीच डोळ्यांना दिसतं आणि त्यातून प्रकाश शिकता येतो. तोच नंतर स्ट्रोब घेतल्यावर फोकस लाइट म्हणून कामाला येतो, वाया जात नाही.

घेताना फक्त लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, आकडा बघू नका. डायव्हरची टॉर्च असते तिचा झोत अरुंद असतो, मध्ये झगझगीत गोल आणि बाजूला अंधार, फोटोला निरुपयोगी. आपल्याला शंभर अंशांच्या पुढं पसरणारा सारखा उजेड पाहिजे. मॅक्रोला हजार ते दोन हजार लुमेन छान चालतात. वाइड व्हिडिओला मात्र प्रत्येकी पाच हजारांच्या आसपासचे दोन लाइट धरा, आणि दिवसा उथळ पाण्यात सूर्यापुढं तेही फिके पडतात. रंग खरे दिसावेत म्हणून सीआरआय (रंगांच्या खरेपणाचं माप) ९० च्या पुढं, आणि फुल पॉवरवर किती मिनिटं चालतो ते विचारा, नुसतं किती मिनिटं चालतो ते नाही. लाल उजेडाचा मोड असेल तर उत्तम, बऱ्याच माशांना लाल नीट दिसत नाही, फोकस करताना ते बुजत नाहीत.

स्ट्रोबची ताकद वेगळीच. क्षणभरात एवढा उजेड टाकतो की मासा हलत असला तरी तिथंच गोठतो, आणि अपर्चर लहान ठेवता येतं. इनॉन, सी अँड सी, आयकेलाइट यांचे स्ट्रोब जगभर वापरतात, बॅकस्कॅटर कंपनीचा मिनी फ्लॅश लहान जीवांसाठी फार कामाचा. पण घ्यायच्या आधी तो तुमच्या कॅमेऱ्याला चमकवणार कसा ते बघा. कॅमेऱ्यात स्वतःचा फ्लॅश असेल तर त्याचा उजेड फायबर ऑप्टिक केबलनं स्ट्रोबपर्यंत नेतात. अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत फ्लॅशच नसतो, तिथं हाऊसिंगमध्ये वेगळा एलईडी ट्रिगर बसवावा लागतो नाहीतर वायरची सिंक केबल. ऑटो म्हणजे टीटीएल, ज्यात उजेड किती सोडायचा ते कॅमेराच ठरवतो, ते सुरुवातीला सोपं वाटतं, पण मॅन्युअलवर शिका, जागा आणि अंतर तेच ठेवलं की उजेड तोच मिळतो, आणि फोटोंचं सातत्य राहतं.

स्ट्रोब दोन असावेत का? शेवटी हो. पण आधी एक घ्या, लांब आर्मवर (हाऊसिंगला जोडायच्या दांड्यावर) लावा, आणि एकानं काय होतं ते शिका.

लाइट कुठं धरायचा, हे घरी शिकता येतं

रात्री खोलीत अंधार करा. लोणच्याची रिकामी काचेची बरणी पाण्यानं भरा, त्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाकून ढवळा, आणि एक लाल मिरची दोऱ्याला बांधून आत सोडा. आता फोन बरणीसमोर धरा आणि टॉर्च फोनच्या लेन्सला चिकटून धरून फोटो काढा. मिरचीच्या पुढं पांढरं धुकं दिसेल, मिरची फिकी. फोन तसाच ठेवून टॉर्च बाजूला सरकवत न्या, बरणीच्या कडेला, आणि झोत मिरचीच्या मागच्या बाजूकडे थोडा वळवा, म्हणजे झोताचा मधला भाग नाही तर फक्त कडा मिरचीला लागेल. धुकं जातं, मिरचीचा लाल उठून येतो. लेन्स आणि मिरचीच्या मधलं पाणी अंधारात राहिलं म्हणून हे झालं.

समुद्रात हेच करायचं. वाइड फोटोला दोन्ही लाइट घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, हाऊसिंगपासून लांब, डोमच्या रेषेच्या मागं, आणि तोंड थोडं बाहेरच्या बाजूला. मॅक्रोला पोर्टच्या जवळ, दहा आणि दोनच्या जागी, आतल्या बाजूला वळलेले. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ पुढं सोडला की ठिपके येणारच, म्हणून त्याचा उजेड झाकून फक्त केबलकडं वळवतात.

यासाठी ट्रे (हाऊसिंगखालची पट्टी), आर्म आणि त्यांना जोडणारे बॉल-क्लॅम्प लागतात. एक इंचाचे बॉल हे सगळ्यांचं समान माप आहे, तेच घ्या, म्हणजे पुढं कुठल्याही कंपनीचं सामान जोडता येतं. लवचिक आर्म स्वस्त मिळतात पण जड स्ट्रोबनं ते मान टाकतात. आणि सगळा सेट पाण्यात जड होतो, मनगट भरून येतं, तेव्हा फ्लोट असलेले आर्म वापरतात. तलावात सोडून बघा, अगदी हळू खाली जाईल इतपत वजन चांगलं, वर पळणारा सेट खालच्या दगडाशी स्थिर धरणं अवघड.

लाल फिल्टरचं एका वाक्यात, लाइट नसताना आणि पाणी निळं असताना तो पाच ते पंधरा मीटरमध्ये बरा, लाइट लावला की काढून टाका.

सेटिंगची सुरुवात अशी करा: मॅक्रोला एफ ११, शटर १/१६० किंवा १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००-२००. वाइडला एफ ८, शटर १/१२५, आयएसओ २००-४००, शटरनं मागच्या पाण्याचा निळेपणा ठरतो आणि स्ट्रोबनं पुढच्या माशाचा उजेड. टीजीचं अपर्चर लहान सेन्सरमुळं वेगळं वागतं, तिथं हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत. रॉ म्हणजे कच्च्या फाइलमध्ये काढा, रंग नंतर बरेच परत आणता येतात.

प्रत्यक्ष समुद्रात

तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, आपल्याला कोल्हापूरमार्गे जाऊन तिथं कोर्स करता येतो. पहिल्या डाइव्हला कॅमेरा नेऊ नका. हात कॅमेऱ्यात आणि लक्ष स्क्रीनमध्ये असलं की पाय प्रवाळावर जातात, आणि प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तोडणं सोडाच, हातानं टेकूसुद्धा नका. पाण्यात एका जागी तरंगत थांबता आलं की मग कॅमेरा, तोपर्यंत नाही. गाइडला मासे जमवायला खाऊ टाकायला सांगू नका, बिळातल्या जीवाला बाहेर काढायला सांगू नका.

हाऊसिंग सकाळी हॉटेलच्या खोलीत एसी लावून, कोरड्या हवेत बंद करा, होडीत नाही. किनाऱ्यावरची दमट गरम हवा आत अडकली की गार पाण्यात गेल्यावर काचेवर आतून वाफ धरते, आणि ती पाण्यात पुसता येत नाही. आत सिलिका जेलच्या ताज्या पुड्या टाका. कॅमेरा हातात घेऊन उडी मारायची नाही, आपण आधी उतरायचं आणि होडीवरच्या माणसाला "दादा, कॅमेरा द्या आता" म्हणायचं. हातात आल्यावर पहिला मिनिटभर वरच्या वर बुडवून धरा आणि बुडबुड्यांची सलग माळ निघतेय का बघा. निघाली तर लगेच वर, पोर्ट खाली धरून, म्हणजे शिरलेलं पाणी कॅमेऱ्यापासून लांब पोर्टमध्ये साचतं.

वर आल्यावर मीठ वाळू द्यायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास, प्रत्येक बटण पाण्यात दाबून. घरी आल्यावर परत एकदा भिजवा, आणि आपलं बोअरचं पाणी क्षाराचं, ते वाळलं की पोर्टवर पांढरे डाग धरतात, म्हणून शेवटचा हात आरओच्या पाण्याचा. सावलीत वाळवा. मे महिन्यात हाऊसिंग किंवा लिथियमच्या बॅटऱ्या गाडीत ठेवून जाऊ नका, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत बंद गाडी काय होते ते आपल्याला सांगायला नको.

अंदमानला विमानानं जाताना लिथियमच्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनला नाही. हाऊसिंग आणि स्ट्रोबचा बॅटरी कप्पा बंद करून पाठवू नका, रिंग काढून ठेवा नाहीतर लॅच सैल ठेवा, हवेचा दाब बदलतो आणि उतरल्यावर झाकण उघडत नाही. स्ट्रोबला डबल ए रिचार्जेबल एनआयएमएच सेल वापरा, साधे अल्कलाइन सेल स्ट्रोबला परत चार्ज व्हायला फार वेळ घेतात.

खरेदीच्या वेळी दुकानदाराला सर्व्हिस कुठं होते हे विचारून घ्या, कारण आतल्या कॅमेऱ्यात पाणी गेलं तर त्याची भरपाई कंपन्या सहसा देत नाहीत. मुख्य रिंग आपण बदलतो, पण बटणांच्या दांड्यांवरच्या बारीक रिंगा आतून उघडून बदलाव्या लागतात, ते जाणकाराचं काम. आपला किनारा पावसाळ्यात डायव्हिंगला बंद असतो, म्हणून जूनमध्येच हाऊसिंग सर्व्हिसला पाठवा, सुटे भाग यायला वेळ लागला तरी ऑक्टोबरपर्यंत ते हातात असतं.